उष्णतेने गुडघ्याचं लिगामेंट आखडवणं : ताकद वाढते की घटते?

सांगलीकरीण

नमस्कार मंडळी. लेकीच्या गुडघ्यासाठी हा धागा काढतेय. जाणकारांनी जरूर लिहा, अनुभव असलेल्यांनी तर नक्कीच.

लेक १९ वर्षांची, खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काहीच नाही. मागच्या महिन्यात पाठलाग करताना खांबाला वळसा घालायला गेली आणि उजवा गुडघा आत वळला. कट्ट असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. रात्रीपर्यंत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध मांडीचं हाड नडगीला बांधणारा लिगामेंटचा पट्टा, अर्धवट फाटलंय असं आलं, मेनिस्कस (हाडांमधली गादी) शाबूत आहे. आता सूज उतरली आहे, ती सपाटीवर नीट चालते, पण जिना उतरताना मधेच गुडघा निसटल्यासारखा होतो म्हणते. डॉक्टर म्हणाले, आधी व्यायाम करू, मग शस्त्रक्रियेचं बघू.

नणंदेचे यजमान अमेरिकेत असतात. त्यांच्या ओळखीत एकाचं पंचवीसेक वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तेव्हा दुर्बिणीतून एक गरम कांडी आत घालून सैल पडलेलं लिगामेंट जागच्या जागी आखडवलं होतं म्हणे. मांडीतली शीर काढून बसवायची नाही, हाडात भोकं पाडायची नाहीत, संध्याकाळी घरी. ऐकून मला फार बरं वाटलं होतं. पण इथे ज्यांना ज्यांना विचारलं त्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली, कारण कुणी सांगितलं नाही.

मला कारण समजून घ्यायचंय. उष्णतेने लिगामेंट खरंच आखडतं का? आखडत असेल तर मग अडचण कुठे आहे?

रानवाट

ताई, लेकीला लवकर बरं वाटू दे. माहिती नाही, पण वाचत राहीन. माझ्याही पुतण्याचं एसीएल कबड्डीत गेलंय.

अस्थिवैद्य

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. मान हलवून गप्प बसणं बरोबर नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी अस्थिरोग शल्यचिकित्सक आहे, गुडघ्याच्या दुर्बीण शस्त्रक्रिया करतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. आखडतं, आणि डोळ्यांदेखत आखडतं. लिगामेंट मुख्यतः कोलॅजेनचं बनलेलं असतं. कोलॅजेनचा एकेक रेणू म्हणजे एकमेकांभोवती पीळ घातलेल्या तीन साखळ्या. हा पीळ हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेला असतो, आणि शेजारशेजारचे रेणू आडव्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असतात. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला हायड्रोजन बंध सुटायला लागतात, पीळ उलगडतो आणि ताणून बसलेला रेणू गोळा होतो. उष्णतेत टिकणारे आडवे बंध शाबूत राहतात म्हणून सगळं विरघळून जात नाही, फक्त लांबी कमी होते. तापमान जास्त असेल तर काही सेकंदांत, कमी असेल तर मिनिटं लागतात.

१९९० च्या दशकात आधी होल्मियम लेसर आणि मग रेडिओफ्रिक्वेन्सीची कांडी वापरून हा प्रयोग खांद्यावर सुरू झाला. वारंवार निखळणाऱ्या खांद्याचं सैल आवरण आखडवायचं, असा बेत. तिथून तो गुडघ्यात आला. अर्धवट फाटून सैल पडलेलं एसीएल किंवा शस्त्रक्रियेत त्याच्या जागी बसवलेलं आणि पुन्हा ढिलं झालेलं ग्राफ्ट (दुसरीकडून घेतलेला बंध), या दोन्हींसाठी तो वापरला गेला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर निकाल फार देखणा दिसायचा. कांडी फिरवली की लोंबणारे तंतू ताठ व्हायचे. गुडघा पुढे ओढून पाहिला तर आधी जेवढा सरकत होता तेवढा सरकायचा नाही. त्या काळच्या डॉक्टरांना ही पद्धत भावली त्यात नवल नाही.

अडचण अशी की टेबलावर आपण मोजतो ती लांबी. ताकद वेगळी, आणि ती तिथे मोजताच येत नाही. ज्या पिळामुळे कोलॅजेन ताण सहन करतं तोच पीळ उलगडून आपण लांबी कमी केलेली असते. म्हणजे लिगामेंट जेव्हा सगळ्यात घट्ट वाटतं, नेमकं तेव्हाच ते सगळ्यात दुबळं असतं. प्रयोगशाळेत गुरांच्या स्नायुबंधावर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) झालेल्या मोजमापांत असं दिसलं की लांबी सुमारे १५ ते २० टक्क्यांपेक्षा जास्त घटली की त्याचे यांत्रिक गुण स्पष्टपणे ढासळतात. दुर्बिणीतून बघत हाताने कांडी फिरवताना कुठे १० टक्के आखडलं आणि कुठे ३०, हे कुणालाही नेमकं सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट पेशींची. कोलॅजेन आखडवायला जेवढं तापमान लागतं त्याच्या पुष्कळ आधीच त्यातल्या पेशी मरतात. बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. लिगामेंट तेवढ्यापुरतं निर्जीव होतं. पुढे आजूबाजूच्या पेशी आत शिरतात, जुनं भाजलेलं कोलॅजेन काढून टाकतात आणि नवं विणतात. त्या डागडुजीच्या काळातही ते नाजूकच असतं.

बाकी संध्याकाळी लिहितो, ओपीडी सुरू होतेय.

हिरडा

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही. मी कोल्हापूरचा, आमचं घराणं चामड्यातलं, मी पुढे त्यातच शिक्षण घेतलं. कातडं म्हणजेही कोलॅजेनच, लिगामेंटमध्ये जो प्रकार मुख्य असतो तोच.

आमच्याकडे आकुंचन तापमान ही रोजची चाचणी आहे. चामड्याची पट्टी पाण्यात टांगायची, पाणी हळूहळू तापवत न्यायचं आणि पट्टी कितीला आखडते ते बघायचं. कच्चं कातडं ६० ते ६५ अंशांच्या आसपास आखडतं, म्हणजे डॉक्टर सांगताहेत तोच आकडा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलं की हे तापमान वर जातं, ७५-८५ पर्यंत. क्रोमने कमावलेलं चांगलं चामडं उकळत्या पाण्यातही टिकतं. कमावणं म्हणजे कोलॅजेनला जादाचे बंध देणं, म्हणून उष्णता सोसायची ताकद वाढते.

सांगायचं ते असं. आखडलेली पट्टी हातात घेऊन ओढून बघा. ती घट्ट झालेली नसते, रबरासारखी झालेली असते. ओढली की लांबते, आणि जोर लावला तर तुटते. कातडं एकदा असं आखडलं की चपलेच्या तळाला सोडाच, पट्ट्यालाही आम्ही ते वापरत नाही. जिवंत शरीरात पेशी नवं विणू शकतात हे खरं, तो फरक मोठा आहे. पण पहिल्या दिवशीची वस्तू काय असते ते मी हाताने पाहिलेलं आहे.

सांगलीकरीण

हिरडा, किती स्पष्ट लिहिलंत! लेकीला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, मग नवं विणून होईपर्यंत गुडघा हलवायचाच नाही, असं केलं तर?

अस्थिवैद्य

लेकीने अगदी मर्माचं विचारलं. हाच विचार त्या वेळच्या संशोधकांनीही केला होता, आणि त्याची उत्तरं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मिळाली.

विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्केल आणि हयाशी यांच्या गटाने मेंढ्यांच्या गुडघ्याच्या आवरणावर काम केलं. उष्णता दिल्यावर ताठपणा (ओढलं तरी सहज न लांबण्याचा गुण) लगेच खाली जातो, पहिले दोन आठवडे कमीच राहतो आणि पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत सावरतो. एवढंच वाचलं तर आशा वाटते. सहा-बारा आठवडे जपलं की झालं.

पण १९९७ मध्ये मिशिगनच्या आर्नोत्स्की यांच्या गटाचा ससे घेऊन केलेला अभ्यास आला. त्यांनी वाटीखालचा स्नायुबंध लेसरने आखडवला. सुरुवातीला लांबी कमी झाली. आठ आठवड्यांनी मोजलं तर तो बंध मूळ लांबीपेक्षाही लांब झालेला आणि ताठपणा घटलेला. जाडी मात्र वाढलेली, म्हणजे शरीराने भरपूर डागडुजी केली होती, तरी लांबी हातची गेली.

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात वॉलेस, हॉलिन्सहेड आणि फ्रँक यांनी सशाच्या एमसीएलवर, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर काम केलं, ते २००१ साली छापून आलं. मला ते सगळ्यात बोलकं वाटतं. त्यांनी लिगामेंट मुद्दाम सैल केलं, मग उष्णतेने आखडवलं. सैलपणा गेला. त्यानंतर त्यांनी त्याला तोडायला न जाता साधा, रोजच्या हालचालीत येतो तसा हलका ताण वारंवार आणि सलग दिला. आखडवलेलं लिगामेंट नेहमीच्यापेक्षा कितीतरी जास्त सरकत, लांबत गेलं. एकदम तुटण्यासाठी मोठा अपघात लागतो. हळूहळू लांबण्यासाठी नुसतं चालणं पुरतं.

गुडघा अजिबात हलवायचा नाही म्हटलं तर त्याचेही भोग आहेत. सांधा आखडतो, मांडीचा स्नायू झपाट्याने सुकतो, कूर्चा उपाशी राहते. आणि नव्या कोलॅजेनचे तंतू ताणाच्या दिशेने ओळीत लागावेत यासाठी थोडा ताण हवाच असतो. तो थोडा किती, हे या दुबळ्या लिगामेंटच्या बाबतीत ठरवणं फार कठीण.

आता एसीएलवर किती भार येतो ते बघा. सॅव्हिओ वू आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मृत्यूनंतर दान केलेल्या गुडघ्यांवर मोजलं. २२ ते ३५ वयोगटात एसीएल तुटायला सरासरी २१६० न्यूटन लागले, म्हणजे सुमारे २२० किलोंचं ओझं. साठीच्या पुढच्या गुडघ्यांत ६५८ न्यूटन. साध्या चालण्यातसुद्धा एसीएलवर काहीशे न्यूटन येतात असं गणित सांगतं. निरोगी लिगामेंटला ते काहीच नाही. भाजून दुबळं झालेल्या लिगामेंटला हळूहळू लांबायला तेवढंही पुरतं.

ओहायोकर

बऱ्याच वर्षांनी यावर काही वाचतोय. माझं असं झालेलं आहे.

२००० साल. तेव्हा मी तिशीत होतो, नुकताच इथे आलो होतो. बॅडमिंटन खेळताना गुडघा गेला, अर्धवट फाटलं असं निदान झालं. डॉक्टरांनी ही नवी पद्धत सांगितली. त्यांनी काही लपवलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा खुद्द त्यांच्या हातातच लांब पल्ल्याचे आकडे नव्हते. शस्त्रक्रिया सोपी गेली, दुखणं कमी, पट्टा लावून चालायचं. पहिले काही आठवडे गुडघा इतका पक्का वाटायचा की मी भारतात आईला फोन करून सांगितलं, बरा झालो.

बर्फ वितळायच्या आत गुडघा पुन्हा निसटायला लागला. पडलो नाही, घसरलो नाही, काही निमित्तच घडलं नाही. रोज थोडं थोडं सैल होत गेलं. एक दिवस गाडीतून उतरताना पाय टेकवला आणि गुडघा बाजूला गेला, तेव्हा मनाशी मान्य केलं. पुढे दुसऱ्या ठिकाणी हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) ग्राफ्ट घालून पूर्ण एसीएल नव्याने केलं. मधल्या काळात गुडघा निसटून निसटून मेनिस्कस फाटलं होतं, त्याचा तुकडा काढावा लागला. आज जे दुखतं ते त्या मेनिस्कसमुळे दुखतं.

ताई, हे सांगायचं कारण तेवढंच. जुगार फक्त लिगामेंटपुरता नसतो. ते परत सैल व्हायला लागल्यापासून आपल्या लक्षात येईपर्यंत जो काळ जातो, त्यात गुडघ्यातलं दुसरं काहीतरी आपण गमावतो.

सांगलीकरीण

ओहायोकर, वाचून पोटात कालवलं. मनापासून आभार की तुम्ही लिहिलंत.

उलटतपासणी

सगळ्यांचा आदर ठेवून दोन शंका मांडतो. एक, ससे आणि मेंढ्या म्हणजे माणूस नव्हे. त्यांना सहा आठवडे काठी घेऊन चाला असं सांगता येत नाही. दोन, माणसांवर चांगले निकाल आल्याचेही अभ्यास आहेत. २००३ मध्ये २८ गुडघ्यांचा एक अभ्यास आला होता, हीच कांडी वापरून केलेला, किमान दोन वर्षं पाठपुरावा, आणि बहुतेकांचे गुडघे चांगले होते. तो बाजूला ठेवून चालणार नाही.

अस्थिवैद्य

बाजूला ठेवू नयेच. तो अभ्यास खरा आहे. आता त्याच्या शेजारी बाकीचे ठेवून बघू.

२००२ मध्ये कार्टर आणि सहकाऱ्यांनी १८ रुग्णांचे निकाल छापले. त्यातल्या ११ जणांत पद्धत फसली, तीही सरासरी चार महिन्यांत. ओहायोकर, तुमचा अनुभव एकट्याचा नव्हता.

२००५ मध्ये हॅलब्रेख्ट यांनी जास्त काळ वाट पाहून लिहिलं. त्यांच्या रुग्णांना सुरुवातीला बरं वाटत होतं. पाच वर्षांनी ज्यांना तपासता आलं त्यांच्यातल्या सुमारे ८५ टक्क्यांचं लिगामेंट पुन्हा सैल झालेलं होतं. २००८ मध्ये अनेक केंद्रांचा मिळून अभ्यास आला, दोन वर्षांपुढचा. एकंदर निम्म्यांच्या आसपास अपयश, आणि आधी बसवलेलं ग्राफ्ट ढिलं झाल्यावर ज्यांनी हे केलं त्यांच्यात तर अपयशाचं प्रमाण स्वतःच्या एसीएलवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त.

ग्राफ्टच्या बाबतीत एक भीतीदायक नोंदही आहे. २००० मध्ये मिशिगन विद्यापीठातून एक प्रकरण छापलं गेलं. ढिल्या झालेल्या हॅमस्ट्रिंग ग्राफ्टला उष्णता दिली, आणि पुढे ते ग्राफ्ट आतल्या आत जिरूनच गेलं. याचं कारण कळतं. पीळ सुटलेलं कोलॅजेन शरीरातल्या विकरांना (एन्झाइम्सना) सहज पचवता येतं, आणि ग्राफ्टचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो. पीसीएलवर (एसीएलच्या मागच्या लिगामेंटवर) करूनही फसल्याची नोंद २००३ ची आहे.

हे सगळे अभ्यास लहान आहेत, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेले नाहीत. पण काळ जसा वाढतो तसे निकाल बिघडत जातात, हा सूर जवळपास सगळीकडे सारखा आहे. दोन वर्षांचा चांगला निकाल पाच वर्षांच्या वाईट निकालाला खोटं पाडत नाही.

तुमची पहिली शंका मात्र मला मोलाची वाटते. माणसांना खरंच काठी आणि पट्टा दिला होता. तरीही हे निकाल आले.

उलटतपासणी

पटलं. मग खांद्यात का चाललं?

अस्थिवैद्य

तिथेही फारसं नाही. काही रुग्णांत सैलपणा परत आला, काहींत खांद्याच्या जवळून जाणाऱ्या मज्जातंतूला चटका बसला, आणि काही तरुण मुलांच्या सांध्यातली कूर्चा पार झिजून गेली. कूर्चेच्या पेशी ५० अंशांच्या आसपासच मरू लागतात, आणि कांडीमुळे सांध्यातलं पाणी तापतं. कॅनडात मोहतादी यांच्या गटाने चिठ्ठ्या टाकून गट पाडून अभ्यास केला, २०१४ मध्ये आला. दोन वर्षांनी उष्णतेची पद्धत आणि उघडी शस्त्रक्रिया यांत रुग्णांच्या दृष्टीने फरक दिसला नाही. पण तो येईपर्यंत बहुतेकांनी कांडी या कामासाठी खाली ठेवली होती.

गुडघ्यात परिस्थिती आणखी प्रतिकूल. एसीएल सांध्याच्या मधोमध, सांध्याच्या द्रवात बुडालेलं. एका मधल्या धमनीच्या बारीक फांद्या त्याच्या अस्तरातून रक्त आणतात, आणि कांडी नेमकी त्या अस्तरावरूनच फिरते. खांद्याचं आवरण निदान आजूबाजूच्या स्नायूंच्या कुशीत असतं. एसीएलला तसा आधार नाही.

बैलगाडा

वाचून धसका घेतला. माझे वडील रोज गरम पाण्याच्या पिशवीने गुडघे शेकतात. फिजिओकडे मशीननेही शेक देतात. त्याने लिगामेंट आखडून दुबळं होत असेल का?

उठाबशा

अजिबात नाही, वडिलांना खुशाल शेकू द्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पिशवीने किंवा शॉर्टवेव्हच्या मशीनने आतलं तापमान फार तर ४०-४३ अंशांच्या आसपास जातं. ६० च्या जवळ जायच्या किती तरी आधी कातडी भाजेल. उलट या हलक्या उष्णतेत कोलॅजेन थोडं मऊ होतं आणि ताण दिला की लांबतं, म्हणून आम्ही आखडलेल्या सांध्याला आधी शेक देऊन मग ताणाचे व्यायाम घेतो. फक्त मधुमेह असेल आणि पायाला संवेदना कमी असेल तर पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून द्या, कारण चटका बसला तरी त्यांना कळणार नाही. आणि ताज्या दुखापतीवर, सूज असताना शेक नको. तिथे बर्फ.

पानगळ

माझ्या आईला गुडघ्याच्या झिजेसाठी रेडिओफ्रिक्वेन्सी सुचवली आहे. तेही हेच का?

अस्थिवैद्य

नाही, ते वेगळं. त्यात सांध्याच्या बाहेर, गुडघ्याच्या दुखण्याची वर्दी नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंना उष्णता देतात, म्हणजे दुखणं काही महिने कमी जाणवतं. लिगामेंटला हात लावत नाहीत. झिजेवर तो एक मान्य उपाय आहे, आईच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि लगे हात हेही सांगतो. रेडिओफ्रिक्वेन्सीची कांडी आजही बहुतेक दुर्बीण शस्त्रक्रियांत आमच्या हातात असते. फाटलेल्या चिंध्या साफ करायला, रक्तस्राव थांबवायला. बिलात किंवा कागदावर तिचं नाव दिसलं म्हणून लिगामेंट आखडवलं असा अर्थ काढू नका.

सांगलीकरीण

आता मान का हलवली ते कळलं. हा रस्ता बंद, हे मनाने स्वीकारलं. मग माझ्या लेकीसमोर रस्ते कोणते? व्यायामाने अर्धवट फाटलेलं जुळतं का? की ग्राफ्टच?

उठाबशा

ताई, यावर मी आणि डॉक्टर दोघंही लिहू.

व्यायामाने फाटलेले तंतू पूर्वीसारखे होतीलच असं सांगता येत नाही. व्यायामाने गुडघा सांभाळणारे स्नायू तयार होतात, आणि त्यांना वेळेवर आवळायची सवय लागते. एसीएलमध्ये ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दुखापतीत त्यांची वर्दी कमी होते, म्हणून गुडघा निसटल्याचं मेंदूला उशिरा कळतं. ते पुन्हा शिकवावं लागतं. एका पायावर उभं राहणं, डोळे मिटून तोल, मग उडी मारून अलगद उतरणं, मग दिशा बदलणं, या क्रमाने. भाजलेल्या लिगामेंटमध्ये हीच टोकं बळी पडतात, हा मुद्दा वर आला नव्हता म्हणून जोडते.

स्वीडनमध्ये लुंड इथे १२१ तरुणांचा चिठ्ठ्या टाकून केलेला एक अभ्यास आहे, २०१० चा. त्यांचं एसीएल ताजं फाटलेलं होतं. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज वाटली तर नंतर शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागली नव्हती, आणि दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते. मात्र त्यात अव्वल दर्जाचे व्यावसायिक खेळाडू घेतलेले नव्हते, हे लक्षात ठेवा. तुमच्या लेकीचा खेळ क्षणाक्षणाला वळण्याचा आहे.

अस्थिवैद्य

उठाबशा यांच्याशी पूर्ण सहमत. माझ्याकडून एवढंच.

एमआरआयवरचं अर्धवट हा शब्द पुरेसा नाही. एसीएलचे दोन पदर असतात. पुढचा-आतला आणि मागचा-बाहेरचा. कुठला गेला आणि उरलेला काम करतो का, हे हाताने तपासून कळतं. लॅकमन चाचणीत नडगी पुढे किती सरकते आणि शेवटी ठोस थांबते का, हे बघायचं. दोन्ही गुडघ्यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सैल मानतात. त्याहून महत्त्वाची पिव्हट शिफ्ट. त्यात गुडघा फिरताना खाडकन निसटतो का ते कळतं. जागं असताना रुग्ण स्नायू आवळून धरतो, त्यामुळे खरं उत्तर कधी कधी भूल दिल्यावरच मिळतं. पिव्हट शिफ्ट नसेल तर तीन महिने मन लावून व्यायाम आणि परत तपासणी. असेल, आणि तिला खो-खोच खेळायचं असेल, तर उरलेला चांगला पदर जपून फक्त गेलेल्या पदराच्या जागी ग्राफ्ट घालता येतं का ते बघतात, नाहीतर पूर्ण नव्याने करतात. जिना उतरताना निसटतं म्हणालात, म्हणून ही तपासणी लांबवू नका.

ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचं, वाटीखालच्या स्नायुबंधाचं, मांडीच्या पुढच्या स्नायुबंधाचं किंवा नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या पेरोनियस स्नायूचं, हे तिच्या सर्जनशी बोलून ठरेल. खो-खोत गुडघ्यावर बसावं आणि झेपावं लागतं, ते त्यांना आवर्जून सांगा. वाटीखालून ग्राफ्ट घेतलं तर गुडघा टेकताना पुढच्या बाजूला दुखण्याची तक्रार जास्त असते.

आणि परत मैदानात उतरायची घाई नको. नॉर्वेतल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना थांबल्याने पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटत गेलं. ग्राफ्टही बसवल्यावर आधी दुबळं होतं आणि मग हळूहळू लिगामेंटसारखं होत जातं. फरक एवढाच की ते सुरुवातीला भरपूर ताकदीचं असतं आणि हाडात पक्कं धरलेलं असतं, म्हणून मधला काळ निभावून नेतं.

ओहायोकर

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

हिरडा

ताई, लेकीला आमच्याकडून सांगा, नऊ महिने फार नव्हेत. चांगलं कातडं कमवायलासुद्धा घाई चालत नाही.

सांगलीकरीण

सगळ्यांचे खूप आभार. परवा पुण्यात गुडघ्याच्या सर्जनची वेळ घेतली आहे, दोन्ही चाचण्या आणि पदरांचं विचारायचं कागदावर लिहून ठेवलं. यंदाचं निवड शिबिर सोडायचं ठरलं. लेक रडली, मग स्वतःच प्रशिक्षकांना फोन केला. तिचा एकच हट्ट आहे. संध्याकाळी मैदानावर जाऊन चौकात नुसतं बसायला, बसल्या बसल्या खो घ्यायला चालेल का? पळणार नाही म्हणते.

उठाबशा

मैदानावर जाऊ द्या, घरात कोंडू नका. सूज नसेल आणि दुखत नसेल तर खाली बसण्याने एसीएलवर फार ताण येत नाही. धोका खो मिळाल्यावर उठून वळत झेप घेण्यात आहे, आणि खो मिळाला की पाय आपोआप सुटतात, तिथे निश्चय कामाला येत नाही. म्हणून चौकात नको. बाजूला खुर्चीवर बसून वेळ धरू दे, लहान मुलींना शिकवू दे. आणि रोज सकाळी मांडी आवळण्याचे आणि पाय सरळ उचलण्याचे व्यायाम चुकवायचे नाहीत. परवाच्या तपासणीत काय निघालं ते इथे लिहा, त्याप्रमाणे पुढचे व्यायाम सांगते.